तेल कोणी घातले?

नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या मंडळींची एक स्वतंत्र जमात आहे. त्यांच्या बसायच्या जागा ठरलेल्या, चहाची वेळ ठरलेली, पत्त्यांचा डाव कुठे थांबवायचा ते स्टेशन ठरलेले. अशा डब्यात वर्षा-दोन वर्षांतून एकदा मुंबईला जाणारा मराठीचा प्राध्यापक शिरला, की पाहुण्यांच्या पंगतीत आगंतुक आल्यासारखी सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळते. गेल्या श्रावणात मी तसा शिरलो तेव्हा माझ्या मागे दशम्यांचा डबा घेतलेली आमची सौभाग्यवती होती आणि छातीशी जुन्या उपरण्यात गुंडाळलेले एक गाठोडे होते.

घोटी मागे पडेपर्यंत समोरच्या गृहस्थांनी दम धरला. मग ते हात जोडून म्हणाले, "मूर्ती आहे का हो? पायाखाली नको यायला."

"मूर्ती नाही, कॅमेरा आहे," मी म्हटले.

"मग एवढा काय जपताय? आमचा बघा, खिशात असतो." आणि त्यांनी मोबाइल काढून इगतपुरीच्या डोंगराचे चार फोटो टिपले, ते आपल्या साडूला धाडले आणि साडूचा जबाब यायच्या आत पुन्हा पत्त्यांकडे वळलेदेखील.

मी गाठोडे थोडे आणखी घट्ट धरले. इगतपुरीला गाडी थांबली, वडे आले, मग घाट सुरू झाला. श्रावणातला कसाऱ्याचा घाट म्हणजे डोळ्यांचे पारणे. बोगद्यातून बाहेर पडावे तो दरीतून ढग वर येतो आणि खिडकीशी बसलेल्याच्या गालाला ओला हात लावून जातो. पण माझे लक्ष त्या शोभेत नव्हते. 'दमट हवा, दमट हवा,' एवढेच मनात चालले होते. कॅमेऱ्याच्या भिंगाला दमट हवेसारखा दुसरा वैरी नाही, हे मी नुकतेच शिकलो होतो.

आता या कॅमेऱ्याविषयी सांगायला हवे.

ब्राउनश्वाइग या जर्मन शहरातल्या फ्रांके आणि हायडेके यांच्या कंपनीने १९२९ साली रोलायफ्लेक्स नावाचा कॅमेरा बाजारात आणला. एकाखाली एक अशी दोन भिंगे. वरच्या भिंगातून माणसाने पाहायचे, खालच्यातून फिल्मने. १९३३ साली त्याचे धाकटे आणि स्वस्त भावंड निघाले, ते रोलायकॉर्ड. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात थोरले भावंड असे. आमच्या अण्णांच्या वाट्याला धाकटे आले.

अण्णा नाशिकच्या एका हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. १९६९ साली त्यांनी पगाराचे अडीच महिने खर्ची घालून हा कॅमेरा वापरलेला असा विकत घेतला. त्यावर आजोबा त्यांच्याशी आठ दिवस बोलले नव्हते म्हणतात. पुढच्याच वर्षी अण्णांचे लग्न झाले आणि त्या दिवाळीपासून आमच्या घरात एक रीत पडली. पाडव्याला सकाळी, ओवाळणीच्या आधी, अण्णा एक रोल घालीत. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो निघत. अकरा फोटो घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, एखाद्या वर्षी गोठ्यातल्या कपिलेचे. बारावा मात्र आईचा. त्यासाठी ते मान खाली घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघत, म्हणत, "हलू नका हं," आणि आम्ही मुले श्वाससुद्धा रोखून धरीत. घरात एरवी आईला 'अगं' म्हणणारे अण्णा त्या एका क्षणी तिला 'हलू नका' का म्हणत, हे मला अजून उमगलेले नाही.

आईचे ते बारावे फोटो एका आल्बममध्ये काळ्या कागदी कोपऱ्यांनी बसवलेले आहेत. १९७० ते २००८, एकूण एकोणचाळीस. सगळे चौकोनी, फक्त १९८१ चा तेवढा उभट. तो तसा का, हे कधी कोणी विचारले नाही. २००९ च्या उन्हाळ्यात अण्णा गेले. कॅमेरा आपल्या चामडी पेटीत बंद झाला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसला.

पंधरा वर्षे झाली. मागच्या चैत्रात आईला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर एका दुपारी ती आल्बम मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेलो तर शेवटच्या पानावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून एवढेच म्हणाली, "चाळिसावा राहिला रे."

तिचे मोबाइलवर शेकडो फोटो आहेत. नातीने काढलेले. ती ते पाहते, छान म्हणते आणि चष्मा काढून ठेवते. तिला चाळिसावा हवा होता, आणि तो कोणत्या कॅमेऱ्यातला, हे काही तिने सांगायची गरज नव्हती.

मी कॅमेरा खाली काढला. बटण दाबले, तर शटरने डोळा उघडला आणि मिटायलाच तयार नाही. एका सेकंदाचे पाच सेकंद! आमच्याच गावातल्या एका दुकानात दिला. त्यांनी दोन महिने ठेवून घेतला आणि 'पार्ट मिळत नाहीत' असे सांगून परत केला. परत आला तेव्हा अंगावर एक ओरखडा जास्त आणि एक स्क्रू कमी होता. नंतर घरच्या घरी थोडा उपचार मीही करून पाहिला. त्याविषयी पुढे सांगतो. तात्पर्य, शटर आता उघडेचना. कोणीतरी सांगितले, मुंबईला फोर्टात जा. म्हणून ही यात्रा.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की नाशिककर आधी घड्याळ बघतो आणि मग पाकीट चाचपतो. मी गाठोडे चाचपले. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत बांधायला १८७८ साली सुरुवात झाली आणि पुरी व्हायला दहा वर्षे लागली. २००४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिच्या दगडी मोरांकडे आणि माकडांकडे मान वर करून बघायला रोजच्या माणसाला सवड नसते. अण्णांना असे. ते तिथून जवळच जे. जे. मध्ये शिकायला होते, आणि या इमारतीचे कोपरे न् कोपरे त्यांच्या वहीत पेन्सिलीने उतरलेले मी पाहिले आहेत. धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आमचे नाशिककरही १८८५ साली याच जे. जे. मध्ये दाखल झाले होते. पुढे गोध्र्यात त्यांनी फोटोचा धंदा केला आणि १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणून त्यावर 'राजा हरिश्चंद्र' काढला. तेव्हा नाशिकहून कॅमेऱ्यापायी मुंबईत पायपीट करणारा मी काही पहिला नव्हे, या विचाराने मला जरा धीर आला.

भुयारी रस्त्यातून पलीकडे गेले की डाव्या-उजव्या गल्ल्यांत जुना फोर्ट लागतो. फोर्ट म्हणायचा, पण कोट कुठे आहे? तो १८६० नंतरच्या दशकात पाडला. वेस उरली ती बझार गेट या नावापुरती. तिच्या शेजारचा बोरा बाजार म्हणजे कॅमेरेवाल्यांची पेठ. खाली दुकाने, वर लाकडी सज्जे, मधे हातगाड्या, छत्र्या, वह्या-कागदांचे गठ्ठे, पारशी अग्यारी, आणि पावसाने निथळणाऱ्या ताडपत्र्या. दुकानांच्या काचेआड भिंगांच्या रांगा मांडलेल्या. शेकडो डोळे आपल्याकडे रोखून बघताहेत असे वाटते.

पहिल्या दुकानात मी उपरणे सोडले, तसे शेठ खुर्चीतून उठले. "वा! क्या चीज है! शोपीस के लिए दो हजार देता हूँ." मी म्हटले, विकायचा नाही, दुरुस्त करायचा आहे. शेठ पुन्हा बसले. "इस को कौन रिपेअर करता है आजकल? दिवाणखान्यात ठेवा, साहेब. लॅम्प लावा आत."

अण्णांच्या कॅमेऱ्यात दिवा! आमची सौभाग्यवती माझ्याआधी पायरी उतरली.

दुसऱ्या दुकानात अगत्य फार. चहा मागवला. "ठेवून जा. सगळं करून देतो. शटर, लेन्स, आरसा, नव्यासारखा. पंधरा दिवस. गॅरंटी."

"उघडून नाही का बघणार?" हिने विचारले.

"बघायचं काय, वहिनी? आमचा चाळीस वर्षांचा धंदा आहे."

"पावती?"

"पावती कशाला? विश्वासावर चालतं इथे."

ही माझ्याकडे बघून हसली. तिचे ते हसणे मला ठाऊक आहे. भाजीवाला 'ताई, घरचंच समजा' म्हणाला की ती अशीच हसते आणि पुढच्या गाळ्यावर जाते. आम्ही चहाचे आभार मानून निघालो.

तिसरे दुकान नव्या जमान्याचे होते. चकचकीत, थंडगार. काउंटरवर पंचविशीचा मुलगा. त्याने कॅमेरा हातात घेतला, तोही दोन्ही हातांनी, आणि म्हणाला, "सर, हे मला येत नाही. आमच्याकडे कोणालाच येत नाही. पण मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक काका बसतात. पाटी नाही. जिना जपून चढा."

त्या दिवसभरात 'मला येत नाही' म्हणणारा तो पहिला माणूस. भरवशाचा कारागीर शोधायची पहिली खूण मला तिथे सापडली. जो सगळे येते म्हणतो त्याच्याकडून निघावे. जो येत नाही म्हणतो त्याला पुढचा पत्ता विचारावा.

जिना लाकडी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठड्याऐवजी दोर. वर दहा बाय आठची खोली. खिडकीशी टेबल, टेबलाशी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ, उजव्या डोळ्यात घड्याळजीचे भिंग. भिंतीवर गणपती, त्याखाली एक जुनाट टीव्ही, आणि टेबलावर चक्क इडलीपात्राची ताटली. प्रत्येक खळग्यात चार-चार बारीक स्क्रू.

"इडलीपात्र कशाला हो?" ही विचारून गेली.

"ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं परत लागले पाहिजेत. बायकोचं होतं. नवीन घेऊन दिलं, तेव्हा हे मिळालं." त्यांच्या मराठीला मालवणी हेल होता. गाव कणकवलीकडे, वयाच्या पंधराव्या वर्षी फोर्टातल्या एका कॅमेरे विकणाऱ्या कंपनीत झाडलोट करायला लागले आणि जर्मन कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या हाताखाली शिकले. कंपनी बुडाली, मेस्त्री गेला, हे राहिले.

काकांनी कॅमेरा घेतला, पण लगेच स्क्रूला हात लावला नाही. आधी कोणाचा, केव्हाचा, शेवटचा फोटो केव्हा काढला, कुठे ठेवला होता, हे सगळे विचारून घेतले. आमचे जुने वैद्य नाडी बघण्याआधी असेच गप्पा मारीत. चामडी पेटीत ठेवला होता म्हटल्यावर ते चुकचुकले.

"चामडं पाणी धरून ठेवतं, मास्तर. पेटी शोभेची. कॅमेरा उघडा ठेवावा, उजेडात, वाऱ्यात. माणसासारखा." मग खिडकीकडे भिंग धरून म्हणाले, "हे बघा. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ना? बुरशी. काचेवर लेप असतो, त्यावर ती जेवते. बुरशी पुसता येते, पण तिनं खाल्लेला लेप परत येत नाही. जास्त घासला तर चांगला असलेलाही जाईल. मी वरवर साफ करीन. डाग राहील. चालेल?"

"फोटोत दिसेल?"

"उजेड समोरून आला तर जरासा धूसर दिसेल. नाहीतर नाही."

मग त्यांनी पुढचे भिंग फिरवून काढले. आतल्या पाच काळ्या पात्यांची पाकळ्यांसारखी मिटलेली नक्षी दिसली. कारागिराने डोळ्यातले भिंग सारखे केले, वाकून पाहिले आणि मान वर न करता विचारले, "तेल कोणी घातलं?"

वाचकहो, आता ती 'पुढे सांगतो' म्हटलेली गोष्ट सांगायची वेळ आली. गावातल्या दुकानातून कॅमेरा परत आल्यावर एका रात्री, घरची मंडळी झोपल्यावर, मी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली काढली आणि शटरच्या खटक्याजवळच्या फटीतून दोन थेंब आत सोडले. शिवणयंत्र चालते तर हे का चालू नये, असा माझा साधा हिशेब. आणि चालले की! दोन दिवस असे झकास चालले, की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या दिवशी शटर मिटले ते मिटलेच. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती.

"आधीच्या दुकानात घातलं असेल," मी म्हटले.

खोलीत एक क्षण शांतता झाली. हिने मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. काकांनी "असं होय," एवढेच म्हटले आणि एक लांबट वही पुढे ओढली. त्यात कॅमेऱ्याचा नंबर, दोन्ही भिंगांचे नंबर, अंगावरचे ओरखडे, बुरशीचा डाग, सगळे टिपले. त्याचीच नक्कल करून मला पावती दिली. वहीत 'तेल' असे लिहून त्यापुढची जागा मात्र कोरी सोडली.

"शटरला तेल लागत नाही, मास्तर," भिंग परत बसवताना ते म्हणाले. "पाती कोरडी पाहिजेत. कागदावर कागद सरकावा तशी सरकतात. तेल लागलं की दोन ओले कागद चिकटतात तशी चिकटतात. हळू गतीच्या चक्रांना सुईच्या टोकाएवढं तेल द्यायचं असतं, तेसुद्धा जुनं धुऊन काढल्यावर. तीन आठवड्यांनी या."

जिना उतरून आम्ही हुतात्मा चौकाकडून काळा घोड्यापर्यंत चालत गेलो. ज्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली, त्या इमारतीचा लोखंडी सांगाडा तिथे जर्जर होऊन उभा आहे. मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली ती त्याहीपूर्वी, १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले फोटोग्राफर. हे सगळे मी हिला वर्गात शिकवावे तसे सांगत होतो. ती ऐकत होती. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर दशम्यांचा डबा उघडून तिने माझ्या हातावर चटणी वाढली आणि म्हणाली,

"त्या बिचाऱ्या दुकानदारावर कशाला ढकललंत?"

"काय?"

"शिवणयंत्राच्या तेलाची बाटली मी नेहमी खणात डाव्या हाताला ठेवते. जूनमध्ये ती उजवीकडे होती. टोपण अर्धवट लावलेलं."

पुढची दशमी मला गोड लागली नाही. त्या दुकानदाराने स्क्रू हरवला होता, ओरखडा पाडला होता. त्याची बाजू घ्यावी असे त्याने काही केले नव्हते. पण तेल त्याने घातले नव्हते. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभा करतो. 'मी नाही सर, त्यानं दाखवलं,' असे ते पोर म्हणाले तर दुप्पट रागावतो. संध्याकाळच्या पंचवटीने परतताना कसाऱ्याला मागे इंजिने लागली, गाडी घाट चढू लागली, आणि मला वाटले की या एका वाक्याचे ओझे ओढायला ती इंजिनेही पुरायची नाहीत.

भाद्रपदात मी एकटाच गेलो. जिना चढून वर गेलो, चपला काढल्या आणि बसायच्या आधी म्हणालो, "काका, तेल मी घातलं होतं."

ते हसले. "ठाऊक होतं."

"कसं?"

"दुकानदारानं घातलं असतं तर उघडून घातलं असतं, आतून. हे बाहेरून आलं होतं, खटक्याच्या फटीतून. म्हणजे घरचं. शिवाय चांगलं सढळ हातानं. दुकानदार फुकटचं एवढं तेल घालत नाही."

"मग विचारलंत कशाला?"

त्यांनी डोळ्यातले भिंग काढून ठेवले. "मास्तर, गिऱ्हाईक येतं ते मेस्त्री भरवशाचा आहे का बघायला. बरोबर आहे. पण मेस्त्रीलाही बघावं लागतं. मी शटर खोललं, आत आधीच एक दात तुटलेला निघाला, आणि गिऱ्हाईक म्हणालं तूच तोडलास, तर माझ्याकडे साक्षीदार कोण? म्हणून मी एक प्रश्न असा विचारतो, ज्याचं उत्तर मला माहीत असतं. बहुतेक जण तुमच्यासारखंच सांगतात. परत येऊन खरं सांगणारे थोडे. खरा ता खरा." आणि वही पुढे सरकवली. "आता तुमच्या हातानं लिहा."

'तेल' या शब्दापुढे मी माझ्या हाताने लिहिले, 'मी घातले,' आणि सही केली. वीस वर्षे विद्यार्थ्यांना 'दुरुस्त' हा शब्द फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ बरोबर, यथायोग्य, असे सांगत आलो. त्या दिवशी तो अर्थ माझ्याकडून नीट पाठ करून घेतला गेला.

मग त्यांनी गणपतीखालचा टीव्ही लावला. कार्यक्रम नाही, नुसत्या पांढऱ्या मुंग्या. "टीव्ही बिघडलाय?" मी विचारले.

"तो माझा घड्याळजी आहे. नवे टीव्ही या कामाचे नाहीत." कॅमेऱ्याचे मागचे दार उघडून त्यांनी तो माझ्या डोळ्यासमोर धरला. "जुन्या टीव्हीचा पडदा वरून खाली रेघ-रेघ रंगतो. एका सेकंदात पन्नास वेळा. आता मी पाचशेवर शटर सोडतो. तेवढ्या वेळात पडद्याचा दहावा हिस्साच रंगला पाहिजे. बघा."

खट् झाले. काळोखात एक उजळ पट्टा चमकून गेला, दहाव्या हिश्शाहून किंचित रुंद.

"जरा जास्त होता का?"

"डोळा चांगला आहे, मास्तर. पाचशेला पाचशे मिळत नाही, चारशे मिळतं. जोर लावून पाचशे करीन, पण स्प्रिंग म्हातारी आहे. चारशे समजून वापरा. आणि पाचशेवर न्यायचं असेल तर खटका ताणायच्या आधी न्या, नंतर नाही." मग त्यांनी काटा एका सेकंदावर आणला आणि खटका सोडला. घर्र्र... खट्. मी लहानपणी ऐकलेला तो आवाज. पाडव्याच्या सकाळी, श्वास रोखलेला असताना ऐकलेला. मी काही बोललो नाही, आणि काकांनीही माझ्याकडे न बघण्याचे सौजन्य दाखवले.

साडेतीन हजार रुपये झाले. हरवलेल्या स्क्रूच्या जागी एका मोडक्या कॅमेऱ्यातला बसवला होता. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांचे नाव मी इथे छापू का, असे विचारले तर घाईने म्हणाले, "नको, नको. गर्दी होईल, आणि मला हात दोनच." तेव्हा ज्या वाचकांना पत्ता हवा असेल त्यांनी बोरा बाजारात 'मला येत नाही' म्हणणारा मुलगा शोधावा.

फिल्म फोर्टातच घेतली. अण्णा उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' वापरीत. तो कारखाना आता बंद पडला. ही विलायती होती आणि तिची किंमत ऐकून आजोबांचा आठ दिवसांचा अबोला मला अगदी रास्त वाटला.

पाडव्याच्या सकाळी रोल घातला. अकरा फोटो झाले. घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, आणि गोठा आता उरला नसल्याने खालच्या वाहनतळातल्या मांजरीचे. मग आई नवी चंदेरी साडी नेसून खिडकीशी बसली. मी मान खाली घालून काचेत पाहिले. या कॅमेऱ्यात उजवे डावे दिसते आणि डावे उजवे; आईचा कुंकवाविना कपाळाचा पदर दुसऱ्याच बाजूला होता. खिडकीतला उजेड तिच्या मागून येत होता. डाग दिसेल, माझ्या मनात आले. खुर्ची हलवायला सांगावी का? पण अण्णांची तीच जागा होती.

"म्हण की," आई म्हणाली.

"काय?"

"ते म्हणायचे ते."

"हलू नका हं," मी म्हटले. घर्र्र... खट्.

रोल धुण्यासाठी मुंबईला पाठवला. दोन आठवड्यांनी फोटो आले. चाळिसाव्या फोटोत आईच्या खांद्यापाशी खिडकीचा उजेड थोडा पसरला आहे, धुक्यासारखा. काकांनी सांगितले होते तेवढाच. आईने फोटो पुष्कळ वेळ पाहिला, काळे कोपरे चिकटवले आणि रिकाम्या जागेवर बसवला. माझे मन हलके झाले होते. म्हणून मी तिला तेलाची सगळी हकिकत सांगून टाकली, खोटे बोललो त्यासकट.

आई हसायला लागली. इतकी, की मला तिच्या हृदयाची काळजी वाटली. मग तिने आल्बमची पाने मागे उलटली आणि १९८१ च्या त्या एकट्या उभट फोटोवर बोट ठेवले.

"हा तुझ्या मामाच्या कॅमेऱ्यातला आहे," ती म्हणाली. "त्या वर्षी ह्यांनी आपल्यात खोबरेल तेल घातलं होतं. दिवाळीला थंडी पडली, तेल थिजलं, आणि पाडव्याला डोळा उघडेचना. मुंबईच्या मेस्त्रीला काय सांगितलं ठाऊक आहे?"

"काय?"

"मुलानं घातलं म्हणून. तीन वर्षांचा होतास तू."